भूप-भैरवीचं बोट धरून जगभरची गाणी: काय ऐकावं, कसं ऐकावं

प्रश्न असा आहे: भावगीतं, अभंग, नाट्यपदं आणि जुनी हिंदी गाणी ऐकत मोठं झालेल्या माणसाला आता कर्नाटक संगीत, ब्लूज, जॅझ, फ्लामेंको, अरबी गाणी असं सगळं ऐकायचं आहे. दोन-तीनदा याद्या काढून सुरुवातही केली. पण कर्नाटकी गाणं सगळं एकसारखं वाटलं, अरबी गाणं बेसूर वाटलं आणि जॅझमध्ये चाल कुठे आहे तेच कळेना. मग सुरुवात कुठून करायची आणि नेमकं काय ऐकायचं?

अडचण कानात नाही, ऐकण्याच्या क्रमात आहे. तीस गाणी एका रविवारी एकामागून एक लावली की कानाला कशाचाच धागा मिळत नाही. भूप आपल्याला ओळखू येतो तो कुणी त्याचे स्वर लिहून दिले म्हणून नाही. प्रार्थनांतून, सिनेमातल्या गाण्यांतून तो शेकडो वेळा कानावरून गेलेला असतो. परक्या संगीताला आपण एकदाच, तेही अर्धवट ऐकतो आणि निकाल देतो. म्हणून एका आठवड्यात एकच गाणं घ्या आणि ते रोज एकदा, पूर्ण ऐका. निवडताना त्यातली एक तरी गोष्ट आपल्या घरची असू द्या: स्वर, ताल, नाहीतर गळ्याची जात. बाकीचं परकं असलं तरी चालेल. सगळंच परकं असेल, तर ते गाणं सहा महिन्यांनी घ्यायचं.

सात दिवसांचा उपयोग असा करा. पहिले दोन दिवस फक्त ऐका, काही शोधू नका. तिसऱ्या दिवशी षड्ज शोधा, चौथ्या दिवशी मात्रा मोजा. पाचव्या दिवशी गायकाकडे लक्षच देऊ नका. सगळ्यात खालच्या आवाजाचं वाद्य, म्हणजे बेस, गिटारची जाड तार किंवा मृदंगाची डावी बाजू, सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरून ठेवा. सहाव्या दिवशी शब्दांचा अर्थ एकदा वाचा आणि कागद बाजूला ठेवून ऐका. अर्थ वाचत वाचत ऐकलं की कान बंद होतो, डोळे चालू राहतात. सातव्या दिवशी पुन्हा काही न शोधता ऐका. पहिल्या दिवशी जो गोंधळ वाटला होता त्यातली निम्मी वाद्यं आता नावानिशी ओळखू येतात.

साधनांबद्दल थोडं, कारण इथेच बरंच हातचं जातं. फोनच्या स्पीकरवर खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही. परीक्षा सोपी आहे: तबल्याची साथ असलेलं ओळखीचं गाणं लावा. डग्ग्याचा घुमारा, तो ‘घें’ म्हणताना मनगटाने स्वर वर सरकवला जातो तो, स्पष्ट कळला पाहिजे. तो कळत नसेल तर त्याच साधनावर जॅझचा बेसही कळणार नाही, आणि जॅझमध्ये बेस गेला म्हणजे तानपुरा आणि ठेका दोन्ही गेले. साधे वायरचे बरे हेडफोन पुरतात. ॲपमधल्या तीन गोष्टी बंद करा: आपोआप पुढचं गाणं लागणं, एक गाणं संपताना दुसरं त्यात मिसळणं, आणि सगळ्यांचा आवाज एकाच पातळीवर आणणं. तिसरी गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. निरनिराळ्या गाण्यांचा आवाज सारखा करण्याच्या नादात काही ॲप एकाच गाण्यातले हळू आणि मोठे भागही दाबून जवळ आणतात, आणि कुजबुजीतून चढत जाणाऱ्या कव्वालीची चढणच सपाट होते. आवाज किती ठेवायचा, तर जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. शेजारचा माणूस साध्या आवाजात बोललेला हेडफोनमधूनही कळला पाहिजे, एवढं धरून चाला.

षड्ज शोधणं ही सगळ्यात कामाची सवय. तानपुरा असेल तिथे प्रश्न नाही. जिथे तो नाही तिथे ओळ संपताना गायक कुठे विसावतो ते पाहा, तो स्वर तोंड मिटून गुणगुणा आणि पुढची अर्धी मिनिटं तसाच धरून ठेवा. गाणं त्याच्याभोवती फिरून परत तिथेच येत असेल तर तोच षड्ज. मधल्या ओळींत अवघडल्यासारखं झालं तरी सोडू नका. कॉर्डवर, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीवर, चालणाऱ्या संगीतात गुणगुणलेला सा तोच राहतो, पण त्याच्या खालची जमीन बदलते: बेस मध्यमावर गेला की तुमचा सा त्याचा पंचम होतो आणि एकदम वेगळा ऐकू येतो. हार्मनी म्हणतात ती प्राथमिक पातळीवर एवढीच गोष्ट आहे, आणि ती वाचून कळत नाही, सा धरून ठेवला की पाच मिनिटांत कळते.

आता प्रत्यक्ष गाणी. पहिला पूल भूपाचा, कारण सा रे ग प ध हे पाच स्वर जगात सगळीकडे सापडतात. घरच्या बाजूला किशोरी आमोणकरांचं ‘सहेला रे’ ठेवा, किंवा सुधीर फडक्यांनी चाल दिलेलं आणि लताबाईंनी गायलेलं ‘ज्योती कलश छलके’. पलीकडच्या बाजूला त्यागराजांची ‘ननु पालिंप’ ही कर्नाटकी कृती, म्हणजे बंदिश, ठेवा. ती मोहनम् रागात आहे, आणि मोहनम् म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर. एका दिवशी दोन्ही लागोपाठ ऐका. स्वर तेच असून चेहरा वेगळा का, तर स्वरावर उभं राहण्याची रीत वेगळी. ख्यालात गंधारावर थांबून तो लांबवला जातो. कर्नाटकी गळा स्वराला कंप देत, शेजारच्या स्वराला स्पर्श करत पुढे जातो. भूप आणि देसकार एकाच स्वरांचे असून आपण त्यांना एक म्हणत नाही. तोच न्याय इथेही लावायचा.

भूपाच्याच स्वरांत स्कॉटलंडचं ‘ऑल्ड लँग साइन’ बसतं. सुरुवात मंद्र पंचमावर, दुसऱ्या स्वरावर षड्ज. रवींद्रनाथांनी ‘पुरानो सेई दिनेर कथा’साठी हीच चाल घेतली, त्यामुळे बंगाली गाणं आणि स्कॉटिश गाणं शेजारी ठेवून ऐकता येतं. तिसरा थांबा इथिओपियाचा. तिथे ‘तिझिता’ हे गाण्याच्या प्रकाराचंही नाव आहे आणि त्याच्या स्वरांचंही. अर्थ आठवण, हुरहुर. महमूद अहमद यांच्या गळ्यातली तिझिता शोधा. मात्र एक सावधगिरी: तिझितेचे दोन प्रकार आहेत. एक भूपाच्या स्वरांचा, दुसऱ्यात गंधार आणि धैवत कोमल. ‘भूप म्हणाले होते, हा तर भलताच निघाला’ असं वाटलं तर दुसरा प्रकार लागलाय असं समजा.

कर्नाटक संगीताकडे नेटाने जायचं असेल तर ही नावांची गल्लत आधीच टाळा. कल्याणी म्हणजे आपला यमन, हिंदोळम् म्हणजे मालकंस, मायामाळवगौळ म्हणजे भैरवाचे स्वर, शुद्ध सावेरी म्हणजे दुर्गा. पण त्यांची तोडी म्हणजे आपल्या भैरवीचे स्वर, आणि आपल्या तोडीच्या स्वरांना ते शुभपंतुवराळी म्हणतात. आपल्या हिंडोलचा त्यांच्या हिंदोळम्शी काहीही संबंध नाही. नाव पाहून गाणं निवडलं की इथे हमखास फसायला होतं.

ताल हातावर कसा धरतात ते शिका, दहा मिनिटांचं काम आहे. आदि ताल आठ मात्रांचा: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग टाळी आणि उलटा हात, पुन्हा टाळी आणि उलटा हात. चार, दोन, दोन. गाणं टाळीवरच सुरू होईल असं धरू नका. पुष्कळ कृती टाळीनंतर अर्ध्या किंवा दीड मात्रेने उचलतात, आणि ‘माझं मोजणं चुकतंय’ असं वाटून लोक हात सोडून देतात. मोजणं बरोबर असतं, उचलच तशी असते. गळा परका वाटत असेल तर अरुणा साईराम यांनी गायलेले अभंग आधी ऐका. शब्द तुकोबा-नामदेवांचे, गळा कर्नाटकी. तमिळ मुलखात मराठी अभंग गाणं ही काही नवी टूम नाही. तंजावरच्या मराठी राजवटीत आपलं कीर्तन तिकडे रुजलं, तिथल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग या चाली अजून आहेत, आणि भजनसंप्रदायातून अभंग मैफलीच्या शेवटच्या भागात आले.

दुसरा पूल भैरवीचा, आणि माझ्या मते मराठी कानासाठी हाच सगळ्यात मोठा पूल आहे. मैफल भैरवीने संपते, त्यामुळे कोमल रे, ग, ध, नी आपल्या हाडात मुरलेले असतात. अरबी संगीताची सुरुवात पुष्कळ जण ‘रास्त’ किंवा ‘बयाती’ या मकामांपासून (मकाम म्हणजे साधारण त्यांचा राग) करतात आणि तिथेच अडकतात. रास्तमधला गंधार ना कोमल ना शुद्ध, दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, निषादाचंही तसंच. बयातीत रिषभ तसा. हार्मोनियमवर घडलेल्या कानाला तो स्वर ‘लागला नाही’ असंच वाटणार. म्हणून आधी ‘कुर्द’ हा मकाम घ्यायचा, ज्याचे मूळ स्वर भैरवीचेच आहेत. इजिप्तची गायिका उम्म कुलसूम हिचं ‘इन्त उमरी’ कुर्दमध्ये आहे. चाल मोहम्मद अब्देल वहाब यांची, साल १९६४, आणि प्रास्ताविकात चक्क इलेक्ट्रिक गिटार वाजते.

हे गाणं ऐकण्याची रीत सांगतो, कारण नाहीतर दहाव्या मिनिटाला बंद केलं जातं. मैफलीतलं ध्वनिमुद्रण तासाभराच्या आसपासचं असतं. आठ-दहा मिनिटांचं सापडलं तर ते कापलेलं आहे, घेऊ नका. सुरुवातीची कित्येक मिनिटं फक्त वाद्यवृंद वाजतो. तो वेळ षड्ज धरायला वापरा. मग ती एक ओळ म्हणते, श्रोते ओरडतात, ती तीच ओळ पुन्हा घेते, शब्द तोच पण जागा वेगळी, पुन्हा आरडाओरडा, पुन्हा तीच ओळ. ठुमरीत एकच मुखडा दहा अंगांनी सजवतात, किंवा नुसरत फतेह अली खाँ कव्वालीत एकाच तुकड्यावर मिनिटं न् मिनिटं घुटमळतात, त्याच जातीचं हे काम आहे. श्रोत्यांचा आवाज हा अडथळा समजू नका. कुठली जागा चांगली पडली ते तोच सांगतो. एका बैठकीत तास जमत नसेल तर वीस-वीस मिनिटांचे तीन भाग करा, पण भाग ओळीच्या शेवटी तोडा. कुर्द अंगवळणी पडला की मग ‘हिजाझ’ घ्या: सा, कोमल रे, शुद्ध ग, म, म्हणजे भैरवाच्या पूर्वांगाची आठवण देणारी चढण. रास्त त्यानंतर. आणि तो मधला गंधार ऐकताना सोबत हार्मोनियम किंवा की-बोर्ड चुकूनही वाजवू नका, त्यावर तो स्वर नाहीच. पाच-सहा दिवस नुसतं ऐकलं की तो गंधार चुकीचा वाटायचा थांबतो, आणि मग साधा गंधारच थोडा टोकदार वाटू लागतो.

इजिप्शियन गाण्यांतला नेहमीचा ठेका ‘मकसूम’ केरव्याएवढाच, आठ घरांचा: दुम् तक् – तक् दुम् – तक् –. रेघ म्हणजे रिकामं घर. टेबलावर दुम् साठी तळहात, तक् साठी बोटं, असं दोन मिनिटं वाजवून पाहा.

भैरवीवरूनच स्पेनला जाता येतं. फ्लामेंकोची स्वरांची बैठक फ्रिजियन, म्हणजे पुन्हा भैरवीचेच स्वर; शेवटी विसावताना मात्र गंधार शुद्ध होतो आणि क्षणभर बसंत मुखारी डोकावतो. गिटार मध्यमापासून एकेक पायरी उतरत म, ग, रे, सा अशी षड्जावर येते. ही उतरण एकदा ओळखली की फ्लामेंको खोलीच्या दुसऱ्या टोकाहूनही ओळखता येतं. सुरुवात ‘सोलेआ’ या संथ प्रकारापासून करा, कामारोन दे ला इस्ला यांचा गळा आणि पाको दे लुसिया यांची गिटार अशा जोडीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून. ‘बुलेरिया’ जलद असते, ती नंतर.

सोलेआचं आवर्तन १२ मात्रांचं असतं, आणि एकताल डोक्यात असलेला माणूस इथे नक्की घसरतो. कागदावर १ ते १२ आकडे लिहा, ३, ६, ८, १०, १२ यांना गोल करा. मोठ्याने मोजत फक्त गोल केलेल्या आकड्यांवर टाळी द्या: तीन, तीन, दोन, दोन, दोन. पहिल्या मात्रेवर सम शोधू नका, तिथे काही नाही. ओळ दहावर येऊन बसते, ११ आणि १२ हा श्वास. समेची वाट पाहणारं मन एकवर दचकतं आणि ताल निसटतो. दहाची वाट पाहायला शिकलं की सगळं जागेवर येतं. आवाजाबद्दल एवढंच: तो घोगरा, चिरलेला, कधी किंचाळल्यासारखा असतो, आणि तो तसाच हवा असतो. डफावरच्या शाहिराचा किंवा गोंधळ्याचा उघडा गळा ज्याला आवडतो, त्याला हा परका वाटायचं कारण नाही.

विषम तालांचं थोडक्यात. ‘टेक फाइव्ह’ (१९५९) हे जॅझमधलं वादन पाच मात्रांचं, तीन आणि दोन असं तुटलेलं. आपला झपताल दोन-तीन-दोन-तीन, म्हणजे वजन उलट. झपतालाचा ठेका मनात चालू ठेवून ते ऐकलं तर सारखा अडखळतो. ‘एक दोन तीन, एक दोन’ म्हणा. बल्गेरियाचा ‘राचेनित्सा’ हा नाच सातचा: दोन, दोन, तीन. रूपक तीन, दोन, दोन. राचेनित्सा इतका जलद असतो की सात आकडे तोंडाने म्हणताच येत नाहीत. ‘छोटं, छोटं, लांब’ एवढेच तीन ठोके पायाने द्या.

ब्लूजसाठी ४८ मात्रा मोजायची तयारी ठेवा. बारा बार, प्रत्येकी चार मात्रा. बेस पहिल्या १६ मात्रा षड्जावर, मग ८ मध्यमावर, ८ षड्जावर, ४ पंचमावर, ४ मध्यमावर आणि शेवटच्या ८ परत षड्जावर. शब्दांची रचनाही त्याच मापाची: पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसरी ओळ तिला उत्तर देते. दुसऱ्यांदा ओळ येते तेव्हा खालचा बेस मध्यमावर गेलेला असतो, म्हणून तेच शब्द वेगळे लागतात. गायकाने ओळ संपवली की उरलेल्या मात्रांत गिटार उत्तर देते, जशी आपल्याकडे गायकामागून सारंगी बोलते. गंधार इथेही मधलाच, कोमल-शुद्धच्या सीमेवर घासलेला. अरबी रास्त ऐकून झालं असेल तर तो लगेच ओळखीचा वाटेल.

गाणं कोणतं? ‘स्वीट होम शिकागो’, आणि तेही आधी पूर्ण बँडने वाजवलेलं. रॉबर्ट जॉन्सनचं १९३६चं मूळ ध्वनिमुद्रण अमोल आहे, पण एकट्याने गिटारवर गाणारे जुने गायक मनाला येईल तिथे एखादी-दुसरी मात्रा वाढवतात किंवा गाळतात. मोजायला शिकणाऱ्याची त्यात फरफट होते. काही बँड दुसऱ्याच बारमध्ये मध्यमावर जाऊन येतात, तेही चालतं, बाकीचा हिशेब तोच. हे पक्कं झालं की बी. बी. किंग यांचं ‘द थ्रिल इज गॉन’. तेही बारा बारांचं, पण कोमल गंधाराचं, आणि नवव्या बारमध्ये बेस पंचमावर न जाता आधी कोमल धैवतावर जातो, मग पंचमावर उतरतो. बारा बार हाडीमासी भिनले असतील तर त्या एका जागी पोटात हलल्यासारखं होतं. आधी साधं रूप पक्कं करायचं ते एवढ्यासाठी.

आता जॅझ, आणि ‘चाल कुठे आहे’ हा प्रश्न. जॅझमध्ये चाल सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा वाजते. मधल्या काळात चालीचा सांगाडा फिरत राहतो आणि एकेक वादक त्यावर उपज करतो. बंदिश एकदा मांडून मग विस्तार करतात तसंच, फरक एवढाच की विस्तारात मुखडा परत परत येत नाही. म्हणून सांगाडा आपणच मोजायचा. माइल्स डेव्हिसचं ‘सो व्हॉट’ (१९५९) यासाठी घ्या, कारण त्याचे स्वर काफी थाटाचे आहेत. सांगाडा ३२ बारांचा, आठ-आठचे चार भाग: पहिले दोन भाग काफी, तिसऱ्या भागात अख्खा काफी अर्ध्या स्वराने वर सरकतो, चौथ्यात परत खाली येतो. बस, एवढंच. कसलीही कॉर्डची माहिती लागत नाही.

ऐकताना असं करा. संथ, विनातालाचं पियानो-बेसचं प्रास्ताविक जाऊ द्या. मग बेस एक प्रश्न विचारतो आणि त्याला दोन सुरांचं ‘सो-व्हॉट’ असं उत्तर येतं, आधी पियानोकडून, मग भोंग्यांकडून, म्हणजे ट्रंपेट-सॅक्सोफोनकडून. षड्ज गुणगुणत बसा. सतराव्या बारला तो षड्ज एकदम टोचायला लागेल. तुम्ही तिथेच आहात, सगळे वर सरकलेत. आठ बारांनी टोचणं थांबेल. पुढे ट्रंपेट, मग टेनर सॅक्सोफोन, मग आल्टो सॅक्सोफोन आणि शेवटी पियानो असा क्रम आहे, आणि प्रत्येकाच्या वादनात ते टोचणं ठरल्या जागी येतंच. तीन-चार वेळा ऐकलं की गुणगुणायची गरज राहत नाही, जागा आपोआप कळते. माइल्स डेव्हिस किती थोडे स्वर घेतो आणि त्याच्यानंतर आलेला टेनर सॅक्सोफोनवाला कोलट्रेन त्याच जागेत किती भरतो, हे तेव्हा दिसू लागतं.

दोन गळे एकत्र वेगवेगळे स्वर गातात ते ऐकायची सवय नसेल तर परदेशात जायलाच नको, गोव्याचा मांडो हा गाण्याचा प्रकार घ्या. कोकणी शब्द बऱ्यापैकी कळतात, लय संथ, सहा मात्रांची, साथीला व्हायोलिन आणि घुमट. मुख्य चाल वरच्या गळ्यात असते आणि दुसरा गळा बहुतेक तिच्याखाली तीन स्वरांच्या अंतरावर चालतो. पहिल्यांदा नेहमीसारखं ऐका. दुसऱ्यांदा हट्टाने फक्त खालचा गळा धरा, वरचा कितीही ओढत असला तरी. हा व्यायाम जमला की चर्चमधलं समूहगान, बल्गेरियातल्या बायकांचं गाणं, काहीही उलगडतं. बल्गेरियात तर सा आणि रे एकत्र धरून ठेवतात आणि ती घासच त्यांना गोड लागते. मांडोनंतर दुलपद येतं, जलद आणि खेळकर; ते तोडून फक्त मांडो ऐकू नका, जोडी आहे ती.

मांडोनंतर लिस्बनचा फाडो, म्हणजे पोर्तुगीज गाण्याचा प्रकार, सोपा जातो. आमालिया रोद्रिगीश यांच्यापासून सुरू करा. साथीला बारा तारांची पोर्तुगीज गितारा, ओळींच्या मधल्या जागा भरणारी, आणि साधी गिटार. एक गोष्ट मराठी माणसाला चटकन पटेल: पारंपरिक फाडोत चाली ठरलेल्या असतात आणि त्या मापात बसणारी कुठलीही कविता त्यांवर गातात, अगदी आपल्या साकी-दिंडीसारखं. त्यामुळे दोन फाडोंची चाल एकच निघाली तर चोरी समजू नका. गायक मुद्दाम मात्रेच्या मागे रेंगाळतो. पायाने ठेका धरला तर तो चुकतोय असं वाटेल, तेव्हा ठेका गिटारवरून धरा, गळ्यावरून नाही. याच कुळातली केप व्हर्देची ‘मोर्ना’, सेझारिया एव्होरा यांच्या संथ, जडशीळ आवाजात, हा फाडोनंतरचा आठवडा.

गमेलान सगळ्यात शेवटी ठेवा. इंडोनेशियातल्या या धातूच्या वाद्यवृंदाला ठरलेली पट्टी नसते, प्रत्येक संच आपापल्या स्वरात लावलेला. बालीमध्ये तर वाद्यांच्या जोड्या जाणूनबुजून किंचित वेगळ्या लावतात, एक जरा वर, एक जरा खाली, म्हणजे दोन्ही एकदम वाजवल्यावर नाद लहरत राहतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा थोड्या हलल्या की जी लाट ऐकू येते तीच ही. आपण ती लाट मरेपर्यंत खुंटी फिरवतो, ते ती लाट यावी म्हणून धातू घासतात. आणि मोठी घंटा आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेवर पडते. तिथले लोक त्या मात्रेला एक म्हणत नाहीत, शेवटचा आकडा म्हणतात. फ्लामेंकोच्या दहावर कान बसलेला असेल तर हे जड जात नाही.

हे सगळं एका आठवड्याला एक या हिशेबाने चार-पाच महिन्यांत सहज होतं, पण घाई नको. एखादं गाणं लागलं तर त्याच्यावर महिना घालवा, त्याच गायकाची आणखी पाच ऐका, मग पुढे जा. वहीत दर गाण्यापुढे चार गोष्टी लिहून ठेवा: गायक आणि ध्वनिमुद्रणाचं साल, आवर्तन किती मात्रांचं, स्वर आपल्या कुठल्या रागाजवळचे, आणि एक जागा, मिनिट-सेकंदासह, जिथे मान हलली. साल लिहायचं ते अशासाठी की एकाच नावाची वेगवेगळी ध्वनिमुद्रणं असतात आणि पुढच्या वेळी दुसरंच लागलं की ‘तेव्हा आवडलं होतं, आता का नाही’ असा घोळ होतो.

सात दिवस नीट ऐकूनही एखादं गाणं भिडलं नाही तर ओढूनताणून आवडून घेऊ नका. वहीत तशी खूण करा आणि तीन महिने ते लावूच नका. परत घेताना तोच प्रकार, पण दुसरा गळा घ्या: आमालिया जड वाटली तर एखादा पुरुष फाडो-गायक, उम्म कुलसूमचा तास पेलला नाही तर लेबनॉनच्या फैरूझची चार-पाच मिनिटांची गाणी, नुसरतच्या ताना दमवणाऱ्या वाटल्या तर आबिदा परवीनची काफी (इथे राग नव्हे, सूफी गाण्याचा प्रकार).